गाडी तुमची, वेग तुमचा, मूल कुणाचं?

पालकहो, बसून घ्या. मोबाइल पिशवीत ठेवा. मांडीवर पालथा घातलेला मोबाइल मला इथून दिसतो. प्रगतिपुस्तकं नंतर वाटते. मुलांबद्दल तक्रार नाही, मुलं बरी आहेत. आज जे बोलायचं आहे ते तुमच्याबद्दल, आणि ते गोड मानून घ्यायचीही गरज नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर दुसरीच्या वर्गात मी विचारलं, कुठे कुठे जाऊन आलात? हात भराभर वर. कोल्हापूर, गणपतीपुळे, महाबळेश्वर, गोवा. छान. मग विचारलं, वाटेत काय पाहिलंत? हात खाली. एक जण म्हणाला, हॉटेलात स्विमिंग पूल होता. एकीनं सांगितलं, मी झोपले होते. तिसऱ्यानं अभिमानानं सांगितलं, मी टॅबवर दोन पिक्चर पाहिले. पुण्याहून कोल्हापूरला जाताना चार जिल्हे लागतात, आठ नद्या लागतात, एक घाट लागतो. त्यातलं या मुलांच्या हाती काय लागलं? तुम्ही मूल गाडीत घातलं, कुरिअरचं खोकं घालावं तसं, आणि मुक्कामी उतरवून घेतलं. फुटलं नाही, एवढंच तुमचं कौतुक.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. एकेक घेते.

‘बाई, मूल कंटाळतं हो.’ कंटाळू दे. कंटाळा आला की मूल चुळबुळ करतं, भांडतं, ‘अजून किती?’ म्हणून डोकं खातं, आणि यातलं काहीच चाललं नाही की खिडकीबाहेर बघायला लागतं. तिथूनच पुढे काहीतरी सुरू होतं. तुम्ही काय करता? चुळबुळ सुरू झाली की त्याच्या हातात पडदा देता. खिडकीपर्यंत त्याला पोहोचूच देत नाही. आणि मग माझ्यापाशी येऊन सांगता, बाई, त्याचं लक्ष लागत नाही. लक्ष तुम्हीच लागू दिलेलं नाही.

‘बाई, त्याला गाडी लागते.’ लागणारच. डोळे खाली मोबाइलवर रोवलेले, ते मेंदूला सांगतात की आपण एका जागी आहोत. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, हेलकावतोय. दोघांची साक्ष जुळत नाही आणि पोट ढवळतं. घाटात मान खाली घालून बसलेल्या मुलाला ओकारी होते, मग तुम्ही गोळी देता, मूल झोपतं, आणि उरलीसुरली वाटही गेली. मान वर करून दूरवर बघायला लावलंत तर पुष्कळ मुलांचा निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

‘बाई, आम्हालाच कुठे काय माहीत असतं?’ हे मात्र खरं बोललात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण आड भरायला तुम्हाला कुणी मना केलंय? सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्या जगाची माहिती पुढे ढकलता. ज्या रस्त्यानं वर्षातून दोनदा गावी जाता, त्या रस्त्यावरच्या नद्यांची नावं सांगा पाहू. ... ऐकते आहे मी. ... असो.

आणि मागच्या बाकावर गालात हसणारे आईवडील, तुम्ही हसू नका. तुमचा गुन्हा वेगळा आहे, लहान नाही. तुम्ही मोबाइल देत नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुम्ही ते मला तीनदा सांगितलंय. तुम्ही गाडीची शिकवणी करता. टोलनाका येईपर्यंत सातचा पाढा. घाट चढताना राजधान्या. पूल दिसला की ‘पूल’चं इंग्रजी स्पेलिंग. मूल म्हणतं, बाबा, ते बघा, म्हशीच्या पाठीवर बगळा! तुम्ही म्हणता, बगळा राहू दे, आधी साती सात सांग. बगळा म्हशीच्या पाठीवर का बसतो, हा प्रश्न मुलानं स्वतःहून तुमच्यासमोर ठेवला होता. म्हैस चालली की गवतातले किडे उडतात आणि बगळ्याला आयतं मिळतं. अर्ध्या मिनिटाचं बोलणं होतं. तुम्ही त्याला गप्प केलंत. पाढे माझ्याकडे सोपवा, मला त्याचा पगार मिळतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला गाडीत शिकवत बसू नका, त्याच्या जोडीनं बघा. जे दिसतं त्याबद्दल बोला, आणि बोलताना अधूनमधून थांबा, म्हणजे त्यालाही बोलता येईल. एवढंच आहे. त्याला पैसे लागत नाहीत, ॲप लागत नाही, म्हणूनच बहुतेक तुम्हाला ते पटत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं तरी ऐकली असतील. गुरं राखणारी आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. दगड, पानं, बिया हे तिथलं साहित्य. तुमच्या मुलाचं कुरण ताशी ८० च्या वेगानं काचेबाहेरून पळतंय आणि तुम्ही काचेला पडदे लावून बसला आहात.

आता तोच पुणे–कोल्हापूर रस्ता घ्या. राष्ट्रीय महामार्ग ४८. हाच रस्ता एका बाजूला दिल्लीला जातो आणि दुसऱ्या बाजूला चेन्नईला. आपण त्याचा मधला तुकडा वापरतो, हे मुलाला सांगितलंत कधी?

सकाळी निघालात. रस्ता ढोबळमानानं दक्षिणेला जातो, म्हणजे ऊन डाव्या खिडकीतून येणार. डावीकडे बसलेलं मूल कुरकुरतं, ‘माझ्याच तोंडावर का?’ तुम्ही काय करता? काचेला टॉवेल अडकवता. अहो, पूर्व दिशा मुलाच्या गालावर येऊन बसलीय! विचारा त्याला, सूर्य कुठून उगवतो? मग आपलं तोंड कुठे? दोन दिवसांनी संध्याकाळी परत येताना ऊन पुन्हा डावीकडूनच येईल. जातानाही डावीकडे, येतानाही डावीकडे, असं कसं? या एका प्रश्नावर दुसरीतलं मूल खंबाटकीपासून कात्रजपर्यंत डोकं खाजवत बसेल. खाजवू दे. उत्तर लगेच सांगून टाकण्याची जी तुम्हाला खाज आहे, ती आवरा.

मग नद्या. नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो. जिल्ह्याची हद्द म्हणजे नकाशावरची नुसती रेघ नसते, खाली पाणी असतं, हे तिथे दिसतं. भुईंजपाशी कृष्णा. साताऱ्याजवळ वेण्णा. पुढे उरमोडी. उंब्रजला तारळी, कराडला कोयना. वारणा ओलांडली की सांगली जिल्हा संपून कोल्हापूर लागतं. शेवटी पंचगंगा. आठ झाल्या. मुलाला बोटं मोडून मोजू द्या. पुलावर गाडी थांबवू नका, तेवढी अक्कल आहे ना? पुढे ढाब्यावर चहाला थांबाल तेव्हा विचारा, या सगळ्या नद्या कुठल्या बाजूनं येतात आणि कुठल्या बाजूला जातात? उजवीकडून येतात, डावीकडे जातात. सगळ्याच्या सगळ्या. कारण उजव्या हाताला, पश्चिमेला, सह्याद्री उभा आहे. सकाळी ज्या बाजूनं ऊन आलं त्याच बाजूला पाणी चाललंय. मुलाच्या डोक्यात दोन गोष्टी आपोआप एकमेकींना भेटल्या. तुम्ही फक्त आड येऊ नका.

खंबाटकीचा घाट. वर्षानुवर्षं पुण्याहून जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, अशीच रीत होती. आता तिथे नवे जोडबोगदे काढले आहेत. जाताना डोंगर चढायचा, येताना डोंगराच्या पोटातून यायचं, तर आधी डोंगर का फोडला नाही? या एका प्रश्नात रस्ता बांधणाऱ्यांचा सगळा इतिहास आहे. आणि डोंगराच्या कापलेल्या अंगाकडे बघायला सांगा. थरावर थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. साडेसहा कोटी मुलाला कळणार नाही, तुम्हालाही कळत नाही. म्हणा, डायनासोर संपले त्या सुमाराचा हा दगड. बघा मग मान वळते की नाही.

कराडला हमरस्ता सोडून गावात जायला तुमच्या जिवावर येतं. ‘पुढे उशीर होईल.’ कसला उशीर? हॉटेलात जाऊन टीव्हीच लावणार आहात ना? प्रीतिसंगमावर अर्धा तास बसा. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेल्या कृष्णा आणि कोयना दोन वेगळ्या खोऱ्यांतून वाहून इथे समोरासमोर येतात, भेटतात आणि पूर्वेला वळतात. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधीही तिथेच आहे. मुलाला काठीचा एक तुकडा पाण्यात टाकू द्या आणि तो कुठे जातो ते बघू द्या, हात मात्र धरून ठेवा. तेवढ्यात फोटोसाठी ‘इकडे बघ, हस’ म्हणून त्याची मान वळवलीत तर माझ्याशी गाठ आहे.

कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. ट्रॅक्टर एक, ट्रॉल्या दोन, आणि मागे तुम्ही हॉर्न वाजवत. त्या उसाचं पुढे काय होतं, हे दाखवायला कोल्हापूरच्या आसपास हंगामात गुऱ्हाळं चालू असतात. नीट विचारून, परवानगी घेऊन आत जा. काहिलीत रस उकळत असतो. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी सुटी होऊन वर येते, ती काढून टाकतात. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात, म्हणजे उसाचा रस उसाच्याच जळणावर शिजतो. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांत धरून बघतो: गोळी झाली की नाही? त्याच्याकडे ना घड्याळ, ना तापमापक. मूल लांबून, तुमचा हात धरून बघेल; काहिलीजवळ त्याला जाऊ देऊ नका. गोळी झाली की धावपळ सुरू होते, पाक वाफ्यात ओततात, घोटतात, मग साच्यात भरतात. एवढं पाहिलेल्या मुलाला पदार्थाच्या अवस्था शिकवायला मला पुढे एक तास पुरतो. न पाहिलेल्याला आठवडा लागतो, आणि तो शेवटी घोकूनच येतो.

कोल्हापूरहून पुढे आंबा घाटातून कोकणात उतरणारे किती जण आहेत? हात वर करा. आता सांगा, घाटमाथ्यावर तुम्ही काय केलंत? माकडांना वेफर दिले. तेही बंद करा, त्यानं माकडं माणसांच्या अंगावर यायला शिकतात. तिथे मुलाला एक गोष्ट सांगायची होती. इथे पूर्वेच्या उतारावर पडलेलं पावसाचं पाणी वारणेच्या वाटेनं कृष्णेत जातं आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र अशी लांबच लांब वाट चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेच्या उतारावर पडलेलं काजळी नदीतून रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात. ढग तोच, डोंगर तोच. आतापर्यंतच्या आठही नद्या डावीकडे चालल्या होत्या, इथून पुढे पाणी तुमच्याच दिशेनं चाललंय. आठ नद्या मोजलेल्या मुलालाच हे भिडेल. ज्यानं टॅब पाहिला त्याच्यासमोर हे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घाट उतरल्यावर गडगे लाल जांभ्याचे दिसायला लागतात, घरांची छपरं उतरती होतात. का, ते त्याला विचारा आणि पावसाळा आठवायला सांगा.

बाकीचं फुटकळ आहे, पण फुकट आहे. गाड्यांच्या पाट्या वाचा: पुण्याच्या १२, साताऱ्याच्या ११, कराडच्या ५०, सांगलीच्या १०, कोल्हापूरच्या ०९, रत्नागिरीच्या ०८. आपण कुठे आलो हे नकाशा न बघता कळतं. पांढरी पाटी घरच्या गाडीची, पिवळी भाड्याच्या गाडीची, हिरवी विजेवर चालणाऱ्या गाडीची. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्य महामार्ग. त्रिकोणी पाटी सावध करते, तांबड्या काठाची गोल पाटी मनाई करते. ताशी ६० नं चाललं तर मिनिटाला एक किलोमीटर, मग पाटीवर ‘कोल्हापूर ३५’ दिसल्यावर ‘अजून किती?’ हे मुलानं तुम्हाला विचारायचं, की तुम्ही मुलाला? यातलं सगळं एका प्रवासात ओतू नका. दोन गोष्टी पुरेत. मूल हे पोतं नाही.

आता ज्याच्यासाठी मी मुळात तुम्हाला बोलावलं, त्याकडे येते. नद्या आणि दगड तुम्ही सांगा न सांगा, गाडीत मूल एक धडा न चुकता शिकतं. तो धडा तुम्ही आहात.

पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसता. लाड म्हणे! धडक झाली तर एअरबॅग पापणी लवायच्या आत फुटून बाहेर येते आणि तिच्यासमोर पहिलं तुमचं लेकरू असतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा मुलांसाठीच्या आसनानं नीट बांधणं सक्तीचं झालं, नाहीतर १,००० रुपये दंड. तुम्हाला १,००० रुपयांची भीती वाटते, धडकेची वाटत नाही. सनरूफमधून मूल बाहेर काढून उभं करता, वर त्याचा व्हिडिओ काढता. गाडी चालवताना एका हातानं फोन घेता, पोलीस दिसला की खाली टाकता. मूल मागून सगळं टिपतंय. नियम पोलिसासाठी असतो, हा धडा त्यानं तोंडपाठ केला. तो पुसायला मला चार वर्षं लागतात, आणि चौथीनंतर मूल माझ्याकडे नसतं.

टोलनाक्यावरच्या माणसाला ‘ए’ म्हणून हाक मारता. ऊसगाडीवाल्याला शिव्या देता. धनगराची मेंढरं आडवी आली की हॉर्नवरचा हात काढत नाही. दिवाळीनंतर देशावरच्या कोरड्या गावांतून ती माणसं घोड्यावर संसार लादून, चाऱ्यासाठी कोकणाकडे चालत निघालेली असतात. तुमच्यासारखीच कुटुंबासह प्रवासाला निघालीत, फरक एवढाच की त्यांची पोरं वाटेतलं प्रत्येक झाड ओळखतात. पाच मिनिटं गाडी बंद करून, काच खाली करून थांबलात तर बिघडतं काय? मेंढरू आणि शेळी यांतला फरक माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना सांगता येत नाही. आणि केळ्याची सालं, वेफरची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या काचेतून बाहेर भिरकावता, तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलीचा कचरा टाकला म्हणून मुलाला मी कुठल्या तोंडानं रागावू?

तर आता गृहपाठ. तुमचा. वही काढा, मी पुन्हा सांगणार नाही.

पुढच्या वेळी निघण्याच्या आदल्या रात्री कागदावर वाटेतल्या नद्यांची, घाटांची आणि तालुक्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो कागद मुलाच्या हातात द्या. एकेक आलं की त्यानं खूण करायची. अर्धा तास आधी निघा, म्हणजे वाटेत थांबताना कपाळावर आठ्या येणार नाहीत. मूल मागे, खिडकीशी, पट्टा बांधून. गाडी न चालवणाऱ्यानं मुलाशेजारी बसायचं, पुढे बसून रिल्स बघायच्या नाहीत. मुलानं विचारलेलं तुम्हाला येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पुढे विचारू’ असं मोठ्यानं म्हणायचं, आणि चहाच्या टपरीवर, गुऱ्हाळावर, शेतात खरोखर विचारायचं, तेही मुलाच्या तोंडून. वाटेतल्या शेंगा-बोरं मुलानं स्वतः घ्यायची. पैसे त्यानं द्यायचे, सुटे त्यानं मोजून घ्यायचे. घाईत असाल तर पाच मिनिटं आणखी घाईत राहा, पण त्याच्या हातातली नाणी हिसकावून घेऊ नका. आणि मधे तास-अर्धा तास कुणीही काही बोललं नाही तरी चालेल. शांतता भरून काढायला गाणी लावलीच पाहिजेत असं नाही.

हे जमणार नसेल तर तसं आत्ताच सांगा, त्यात लाज नाही. मग सुट्टीत मुलाला आजीबरोबर एसटीनं गावाला पाठवा. एसटीत खिडकीशी जागा मिळते, शेजारी बोलणारं माणूस असतं, आणि पुढचं गाव कुठलं ते कंडक्टर ओरडून सांगतो. तेवढ्यासाठी तुमची गरज पडत नाही.